लेपाच्या कानातला खडा

भीमराज ओव्हाळ एकतीस वर्षं भोसरीच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये पोलाद घासत आले आहेत. कंपन्यांकडून गिअरचे, शाफ्टचे तुकडे येतात. ते कापायचे, आरशासारखे घासायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, माल पास की नापास. कासारवाडीतल्या दोन खोल्यांतून स्कूटरवर यायचं, संध्याकाळी परत जायचं. बोलणं कमी. घासलेल्या तुकड्यावर एक ओरखडा राहिला तरी हा माणूस डबा उघडत नाही.

त्यांची मुलगी मैत्री रत्नागिरीला संशोधन करते, लेपावर. जिभेसारखा चपटा, वाळूवर पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला मासा. त्याचं पिल्लू मात्र आधी इतर माशांसारखंच उभं पोहतं, डोळे दोन बाजूंना. मग उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि मासा आडवा होतो. हे कितव्या दिवशी घडतं, ते मैत्रीला शोधायचं होतं. माशाच्या कानात एक खडा असतो, त्यावर रोज एक वळं चढतं. खडा पातळ घासून वळी मोजली की पिल्लाचं वय कळतं.

दोन हंगाम बोटीवर जाऊन तिला डोळा नेमका डोक्याच्या कडेवर आलेलं एकच पिल्लू मिळालं होतं, नखाएवढं. त्याच्या दोन कानांतले दोन खडे, खसखशीहून बारीक. तिच्या कॉलेजात घासताना असे कितीतरी खडे फुटले होते. सोमवारी अहवाल द्यायचा होता. शेवटी ती दोन्ही खडे बाटलीत घालून वडिलांकडे आली.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. मालक साहेबरावांनी लॅबची किल्ली दिली, पण बजावलं, "चारला दुरुस्तीसाठी लाइट जाणार आहे, ओव्हाळ. त्याच्या आत उरका."

मैत्रीने सरावासाठी मोठ्या लेपांचे सहा खडे आणले होते. भीमराजांनी ते मशीनच्या फिरत्या चकतीवर, सगळ्यात कमी वेगावर घासले. सहाही छान निघाले. मग पिल्लाचा डावा खडा काचपट्टीवर चिकटवला आणि चकतीला टेकवला.

"पप्पा, थांबा!"

त्यांनी हात उचलला. काचेवर पांढरा फराटा होता, बाकी काही नाही.

मैत्री बाहेर पॅसेजमध्ये गेली. भीमराज मशीन बंद करून तसेच बसले. ती परत आली तेव्हा दोन वाजले होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "सहा नीट निघाले आणि डोक्यात हवा गेली माझ्या."

"दुसरा मी परत नेते."

"ने. तुझा आहे तो."

तिने बाटली उचलली, पर्समध्ये ठेवली, पुन्हा बाहेर काढली. "नेऊन देऊ कुणाला? तिथं कुणालाच जमत नाही हे."

भीमराजांनी हातातलं घड्याळ काढून ठेवलं. उजवा खडा काचेवर चिकटवला. टेबलावर सगळ्यात बारीक पॉलिश पेपर अंथरला, वर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटाच्या टोकाने काच फिरवायला घेतली. पाच वेळा घासायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं. पुन्हा पाच. मानेवरून घाम ओघळत होता, पण पुसायला ते थांबले नाहीत. मैत्री हळू आवाजात आकडे म्हणत होती.

पावणेचारला खड्याच्या मधला, वळी जिथून सुरू होतात तो काळा ठिपका दिसू लागला. त्याच्याभोवती मात्र सगळं धूसर.

"अजून दहा वेळा," मैत्री म्हणाली.

"नाही."

"पप्पा, पहिल्या दिवसांची वळी दिसल्याशिवाय मोजणीच होत नाही."

"दिसतायत ते वरचे ओरखडे आहेत. वळी खाली आहेत. अजून घासलं तर ठिपकाच जाईल."

"मघाशी एक फुटला म्हणून घाबरलात तुम्ही!"

"घाबरलोय," भीमराज म्हणाले. "घाबरलो नसतो तरी इथंच थांबलो असतो."

मैत्रीने पिशवीतून तेलाची छोटी कुपी काढली आणि एक थेंब खड्यावर सोडला. तेल ओरखड्यांत भरलं. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि स्क्रू हळूहळू फिरवला.

"दिसतायत," ती पुटपुटली. "पप्पा, सगळी दिसतायत."

तिने मोजली, चोवीस. त्यांनी मोजली, सव्वीस. दोघांनी एकमेकांना न सांगता पुन्हा मोजून कागदावर लिहिलं: पंचवीस, पंचवीस. मैत्रीने धडाधड फोटो काढले. शेवटचा फोटो सेव्ह झाला आणि दोन मिनिटांत लाइट गेली.

अंधाऱ्या लॅबमध्ये ती बापाच्या खांद्याला डोकं टेकून रडली. "काच नीट ठेव आधी," भीमराज म्हणाले.

तिच्या गाइड निशिगंधा मॅडमनी सोमवारी अहवाल वाचून फोन केला. "एका माशावरून काही सिद्ध होत नाही, मैत्री. पण इतका स्वच्छ खडा आपल्याकडे कधी निघाला नव्हता. वडील शिकवतील का आपल्या मुलांना?"

भीमराजांनी चार दिवसांची रजा टाकली, एकतीस वर्षांतली सगळ्यात लांब. रत्नागिरीत पहिल्या दिवशी पोरांच्या हातून तीन खडे फुटले. ते कुणावर ओरडले नाहीत. त्या हंगामात अर्ध्यावर डोळा आलेली आणखी नऊ पिल्लं मिळाली. कुणी बावीस दिवसांचं निघालं, कुणी एकोणतीस. इतका फरक का, हे मैत्रीला अजून कळलेलं नाही.