सिंगापूरला गाव विचारणारे पावणे

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. टेकायच्या आधीच त्या गृहस्थांनी समोरच्या तिघांना गाव विचारून घेतलं. मुला-नातवाकडे सिंगापूरला महिनाभर राहून दोघं नुकतीच परतली होती.

"काय बघितलं तिथं?" मी विचारलं.

"माणसं." त्यांची टोपी गुडघ्यावर होती; बोलताना ते ती उचलायचे, बोलणं संपलं की परत ठेवायचे. "एकाच रस्त्याला देऊळ, मशीद, चिन्यांचं देऊळ. म्हटलं, एवढी आली कुठनं?"

"मग काय, दिसंल त्याला गाव इचारत सुटलं ह्ये," बाई म्हणाल्या. "पोरगं लाजंनं पुढं पुढं पळाय लागलं. सून बिचारी इंग्रजीत सांगायची."

"पर सांगितलं की सगळ्यांनी! हारवाल्या तमिळ बाईनं सांगितलं. नूडल्सवाल्या चिनी म्हाताऱ्यानं आज्याचं गाव सांगितलं. कधी बघितलं न्हाई, पर नदी हाय म्हणं."

"आणि नातवाला विचारलं?" मी म्हटलं.

टोपी गुडघ्यावरच राहिली. "इचारलं की. बारावा मजला म्हणाला."

बाई पदराशी चाळा करत बसल्या. मग ते माझ्याकडे वळले. "ते ऱ्हाऊ दे. पावणं, तुमचं गाव कुठलं?"

"राजारामपुरी, आठवी गल्ली," मी झटकन म्हणालो.

"ती गल्ली झाली. मी गाव इचारलं."

तेवढ्यात आतून मला हाक आली. मी उठलो, तरी टोपी हातात धरून ते उत्तराची वाट बघतच होते.