पांढऱ्या फ्लेक्सवरचे बाबा

आमच्याकडे रस्त्याला माणूस दिसायच्या आधी फ्लेक्स दिसतो. वडखळपासून रोह्यापर्यंत एक नाका मोकळा नाही. वाढदिवस, हळद, बारसं, क्रिकेटचे सामने, कारण काहीही चालतं. वर नेत्यांची रांग, मध्ये गॉगल लावून फोन कानाला धरलेला उत्सवमूर्ती आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल कापलेली मुंडकी. मी पेणला एका लहानशा संस्थेत मुलांना डिझाइन शिकवते. हे फ्लेक्स म्हणजे माझं वर्षभराचं खाद्य होतं. फळ्यासमोर उभी राहून मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. सगळेच ओरडायला लागले तर ऐकू कोणाचं येणार, असं विचारायचे. एकच गोष्ट मोठी ठेवा, बाकीच्यांनी तिला जागा द्या. फोटोतला माणूस ज्या बाजूला बघतोय ती बाजू मोकळी सोडा, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्याच्या नजरेमागे जाते. डोळ्याला विसावा हवा. मुलं माना डोलवायची. हे सांगताना मी किती रुबाबात असायचे ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते. आमचं गाव रोह्याच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून. शिफ्ट, मग भातशेती, मग पुन्हा शिफ्ट, यातच त्यांची सगळी वर्षं गेली. फ्लेक्सवर ते पुष्कळदा आले, पण कायम खालच्या रांगेत. एकदा तर जागा भरायची म्हणून त्यांचा फोटो आडवा ताणला होता, तोंड भाकरीएवढं झालं होतं. तरी आम्हाला नाक्यावर नेऊन बोट लावून दाखवायचे, "ह्यो बघा मी." रिटायर व्हायला थोडे दिवस उरले तेव्हा जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणाले, "बाय, माझ्या एकट्याचा लावशील का गो एक?" बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मी कंबर कसली. बांधावर उभे असताना काढलेला त्यांचा एक फोटो माझ्याकडे होता. खाडीकडे बघतायत, वाऱ्याने केस थोडे उडालेत. तो मी काळापांढरा केला, कारण रंग गेले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बोलायला लागतात, हेही मी वर्गात शिकवत असे. सगळा फ्लेक्स पांढरा. डावीकडे बाबा, भलेमोठे. उजवीकडे ते बघतायत तिकडे काहीच नाही. अगदी खाली बारीक अक्षरांत सेवापूर्ती सोहळा, रविवार, संध्याकाळ, सर्वांनी यावे. रोह्याच्या छपाईवाल्याने पडद्यावर बघून विचारलं, "मॅडम, एवढं रिकामं? थोडी फुलं टाकू का?"

"रिकामं नाही ते, मोकळं आहे," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि छापून दिलं.

शनिवारी संध्याकाळी गावातल्या मुलांनी तो नाक्यावर बांधला. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिला आणि खरं सांगते, डोळे भरून आले. त्या सगळ्या रंगीत गर्दीत माझे बाबा तेवढे शांत उभे होते. मी वर्गात दाखवायला फोटोही काढून ठेवले.

रविवारी सकाळी बाबा अंगणात आरसा लावून दाढी करत बसले होते. रस्त्याकडून बाईचं हेल काढून रडणं ऐकू आलं. आमच्याकडे मयताच्या घरी येणारी बाई रस्त्यापासूनच रडत येते, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. ती माझी थोरली आत्या होती, जोहे गावात दिलेली. पदर तोंडावर घेतलेला, पुढचं काही दिसत नव्हतं. बाबा तसेच उठले, एका गालाला साबण. बहीण एवढी रडतेय म्हणजे जोह्यात कोणीतरी गेलं, असं त्यांना वाटलं. "कोण गेलं गो? काय झालं?" म्हणत त्यांनी तिला धरलं, तशी ती त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून आणखी मोठ्याने रडायला लागली. मग बाबांनाही हुंदका आला. दोघं भावंडं गळ्यात पडून रडत होती. कोणासाठी ते बाबांना माहीत नव्हतं आणि कोणाच्या गळ्यात ते आत्याला.

कधीतरी आत्याने पदर बाजूला केला. ती बघतच राहिली. मग बाबांच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, तू जिता हायस?"

मला तेव्हाच कळलं. कोणीतरी धावत्या एसटीतून फ्लेक्सचा फोटो काढला होता आणि तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर करत जोह्याला पोचला होता. पांढरा फ्लेक्स, त्यावर एकाच म्हाताऱ्या माणसाचा काळापांढरा फोटो, तोही कुठेतरी लांब बघणारा. आमच्या भागात तसला फ्लेक्स एकाच कारणाने लागतो. खालच्या अक्षरांपर्यंत कोणी पोचलंच नाही. डोळा आधी चेहऱ्याकडे जातो, मग रंगाकडे, अक्षरांकडे सगळ्यात शेवटी, हे मीच तर शिकवत होते. फक्त बघणारा डोळा कोरा नसतो, त्याने याआधी गावातले किती फ्लेक्स पाहिलेले असतात, एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी नाक्यावर धावले. बाबा माझ्या मागोमाग, टॉवेल खांद्यावर, अर्धी दाढी तशीच. फ्लेक्सला झेंडूचा हार घातलेला होता आणि खाली विटेच्या फटीत उदबत्त्या लावलेल्या होत्या. रात्रपाळी करून परतणाऱ्या त्यांच्याच कंपनीतल्या माणसांनी स्वतःच्या खिशातून हार आणला होता. त्यातले दोघे अजून हात जोडून उभे होते. बाबांना बघून एकजण दोन पावलं मागे सरला. मग सगळा नाका हसला. चहावाला हसला, रिक्षावाले हसले, बाबाही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा हसत होते, पण मधूनमधून मान वर करून स्वतःच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होते.

घरी आल्यावर आईने मीठ-मोहऱ्या घेऊन बाबांवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. माझ्याशी ती बोलतच नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा चुलीकडे बघत म्हणाली, "कुंकू लावते मी अजून. तुला दिसलं नाय?"

अशी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आत्या दोनदा म्हणाली. माझी समजूत घालायलाच म्हणाली, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

दुपारपर्यंत चुलतभावाने रोह्याहून दुसरा फ्लेक्स करून आणला. लाल-पिवळा, वरून पाकळ्या पडतायत, कोपऱ्यात गणपती. बाबांचं डोकं कोणाच्या तरी निळ्या कोटावर बसवलेलं, आणि खाली आम्ही सगळे गोल गोल. संध्याकाळी तोच मांडवात लागला. माणसं भरपूर आली. पण प्रत्येकजण आधी हसला आणि मग शाल-श्रीफळ दिलं. कंपनीच्या साहेबांनीही भाषणाची सुरुवात त्या गमतीनेच केली. इतक्या वर्षांच्या कामाबद्दल कोणी काही बोललं असलं तरी ते हशात ऐकू आलं नाही. बाबांना एकट्याचा एक दिवस हवा होता, तो मी हसण्यावारी घालवला. मी मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसले होते आणि कोणी वळून बघितलं की पदर सावरायचं निमित्त करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पेणला निघाले तेव्हा पांढरा फ्लेक्स पडवीत गुंडाळून पडला होता. आमच्याकडे जुने फ्लेक्स लाकडांवर, भाताच्या गोण्यांवर टाकतात. आई म्हणत होती, याला घरात नको, खाडीत सोडा. बाबांनी तो उचलला, फडक्याने पुसला, सुतळीने दोन्हीकडून बांधला आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "फोटो चांगला आलाय. माझ्या एकट्याचाच हाय." मग स्टुलावरून उतरत माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं लागंलच. तवा खालची अक्षरं तेवढी बदल, बाय."

सकाळपासून माझी मान खालीच होती. मी ती तशीच ठेवून "बरं" म्हटलं. कशाला बरं म्हटलं, ते एसटीत बसल्यावर कळलं.