मामांनी ओढलेला खांदा

कबड्डीच्या मैदानात पडायला आमच्या गावात कुणी भीत नसे. सगळे भीत ते पडल्यावर धावत येणाऱ्या माझ्या धाकट्या मामांना. काजूची कलमं बांधण्यात मामांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, आणि ज्याला झाडाची फांदी जुळवता येते त्याला माणसाची का येऊ नये, असा त्यांचा साधा सवाल. पंचांची शिट्टी वाजायच्या आत मामा तेलाची बाटली घेऊन हजर! मुरगळलेला घोटा ते गरम तेलाने असा रगडत की सकाळी त्याचा पपनस झालेला असे. “सूज म्हणजे दुखणा भायर येता,” हे वर समाधानाने सांगणं. घोळणा फुटला तर मान मागे टाकायला लावून नाकाशी फोडलेला कांदा. रक्त घशात उतरून तो बिचारा ठसकायला लागला की, “बघा, सुद्दीर इलो!” पोटरीत गोळा आला तर मात्र पाय सरळ करून पंजा हळूच मागे दाबत, आणि गोळा खरोखर जाई. या एका यशानेच आमचा घात केला, कारण त्यावरून सगळ्या गावाची मामांवर श्रद्धा बसली. माझीही.

मी तेव्हा चढाईला जायचो, आणि जिल्ह्याच्या संघात निवड होईल असं सगळे म्हणायचे. धामापूरच्या सामन्यात तिघांनी मला खाली घेतलं आणि उजवा खांदा निखळला. मामा धावले. “हात ढिलो सोड. आता बसवतंय बघ!” म्हणत त्यांनी माझ्या काखेत पाय रोवला आणि सगळं बळ लावून हात ओढला. आत काहीतरी फाटलं.

कणकवलीच्या डॉक्टरांनी खांदा तपासून एवढंच विचारलं, “कुणी ओढला?” मामा शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “पडताना झालं.” डॉक्टरांनी काय ते ओळखलं. हात आहे तसा झोळीत बांधून आणला असतात तर खेळू शकला असता, म्हणाले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात आजही कानाच्या वर जात नाही. कुणी चढाईला निघाला की मी मैदानाकडे पाठ करतो, आणि ही खोड जाईल अशी आशा मी सोडून दिली आहे.

मामांनी तेल सोडलं. आता ते मैदानाकडेला मासळीच्या बर्फाचा खोका घेऊन बसतात. बर्फ फडक्यात गुंडाळून घोट्यावर धरतात, पाय उंचावर ठेवतात, चोळू म्हणून देत नाहीत. घोट्याला बांगड्याचा वास येतो, पण पपनस होत नाही. घोळणा फुटलेल्याला पुढे वाकवून नाक चिमटीत धरायला लावतात.

यंदा सामन्यात शाळेतल्या एका मास्तरांचा खांदा निखळला. लोक ओरडले, “मामांनू, हात वडा!” मामा उठून मध्ये उभे राहिले. “कोणी हात लावूचो नाय!” म्हणत त्यांनी आपला पंचा काढून त्याची झोळी बांधली आणि रिक्षाने थेट कणकवली गाठली.

मास्तर पुन्हा चढाईला जायला लागले, हे सांगायला मामा परवा घरी आले. पायरीवर बसून, जमिनीकडे बघत म्हणाले, “तुका तेव्हा असाच नेऊक व्हया होता रे.”

असू दे, असं म्हणायचं होतं.

“होय,” मी म्हणालो.

मामांनी मान डोलावली. इतकी वर्षं कुणीतरी एवढं म्हणावं, याचीच ते वाट बघत होते.