अंगणाकडची खिडकी

सदाशिवकाकांवर माझा राग आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तेव्हा ही हकीकत मी दोन्ही बाजूंनी सांगेन, अशी आशा कोणी ठेवू नये.

माझी आई वच्छलाबाई पुलगावात प्राथमिक शाळेत शिकवायची. पोरांवर तिनं कधी हात उचलला नाही. खोडी काढणाऱ्याला ती पहिल्या बाकावर बसवायची आणि वर्षभर लक्षात ठेवायची. बाबा गेल्यावर आजोबांच्या घराचे दोन भाग झाले. मधली भिंत सामाईक. एका बाजूला आम्ही मायलेकी, दुसऱ्या बाजूला बाबांचे धाकटे भाऊ सदाशिवकाका. आमच्या वाट्याला एक खोली, स्वयंपाकघर, अंगण आणि वरचा माळा.

माझी दहावी आली तेव्हा त्या माळ्याची अभ्यासाची खोली करायचं आईनं ठरवलं. नकाशा काढून घेतला. भिंत सामाईक म्हणून मंजुरीसाठी काकांची संमती लागत होती. काका म्हणाले, "वहिनी, तुमची खिडकी आमच्या अंगणाकडं उघडते. आमच्या घरी बायामाणसं हायेत. सही नाई भेटणार."

आईनं हात जोडले, तरी ते बधले नाहीत. शेवटी तिनं मला शिकायला कारंज्याला मामाकडे ठेवलं. तिथून कॉलेज, मग नोकरी. स्वतःच्या घरी मी पाहुणीसारखी येत राहिले, ती आजतागायत. एकुलत्या एका पोरीचं वाढतं वय माझ्या आईला पाहायला मिळालं नाही, ते या माणसामुळे.

मागच्या वर्षी काकांच्या भूपेंद्रचं लग्न ठरलं. मुलगी जाम गावची, अंजू. स्वतंत्र खोली हवी, ही तिची एकच अट. काकांनी आपल्या मागच्या माळ्यावर खोली काढायचं ठरवलं आणि पेढे घेऊन आमच्याकडे आले. मी तेव्हा सुटीवर आलेली होते.

"वहिनी, एवढी सही द्या. एकुलतं एक पोरगं हाय, डोळ्यासमोर राह्यलं पायजे."

मला वाटलं, आई आता डबा फेकते की काय! पण तिनं पेढा खाल्ला, मलाही दिला.

"सही देतो ना, भाऊजी. काऊन नाई देणार? फक्त खिडकी माह्या अंगणाकडं काढू नका. मी पण बाईमाणूसच हावो."

तसं तिनं संमतीत लिहिलं आणि खाली सही केली. काका खुशीत गेले. त्यांच्या मागे व्यापाऱ्याचं गोदाम, पलीकडे दुसऱ्याचं घर चिकटलेलं, पुढे त्यांच्याच जुन्या खोलीची उंच भिंत, त्यांचं अंगण तिच्याही पुढे. उजेड यायचा तो फक्त आमच्या अंगणावरून. हे आईनं पेढा खाता खाताच ताडलं होतं. नगर परिषदेच्या अभियंत्यानं नकाशा पाहिला आणि सांगितलं की खिडकीशिवाय राहायची खोली मंजूर होत नाही, सामानाचा माळा म्हणा हवं तर. काका परत आले, विनवू लागले. आई म्हणाली, "सही त दिली, भाऊजी. आता नियमाले मी काय करू?"

माझा जीव थंड झाला. खोटं कशाला बोलू?

लग्न झालं आणि भूपेंद्रनं वर्ध्याला घर भाड्यानं घेतलं. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना अंजू आमच्याकडे आली आणि आईच्या पाया पडली. काका ओसरीवरून बघत होते.

"मोठी आई, तुमचे लय उपकार हायेत. थे खोली झाली असती त मी जनमभर याच घरात अडकली असती."

काकांनी ते ऐकलं. त्यांचं तोंड पाहून मला हसू आवरेना. आईनं अंजूला कुंकू लावलं, ओटी भरली. "सुखी राह्य. दिवाळीले येजो."

टेम्पो गेला. आईनं दुपारी पुरणपोळ्या केल्या, एक ताट भरलं आणि स्वतः घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. काका खाटेवर बसले होते. काकू आत रडत होत्या.

ताट त्यांच्यासमोर ठेवून आई शांतपणे म्हणाली, "जेवून घ्या, भाऊजी. पोरगं बाहेर राह्यलं का सैपाकात मन लागत नाई. मले अनुभव हाय."