उष्टी नळी

मशीन घरात आलं तेव्हाच मला मळमळलं होतं. इथे परदेशात, आमच्या बिशान भागातल्या उंच इमारतीखाली, लिफ्टपाशी, लोक नको झालेलं सामान ठेवून जातात. तिथून ताईंनी ते उचलून आणलं. पांढरं, प्लास्टिकचं, वरून अगदी छान. सुईखालची पट्टी काढली तर आत कुणाच्या तरी घरातली राखाडी लव, तेलात थिजलेली, आणि त्यात झुरळाची अंडी, राजम्यासारखी तपकिरी. परक्या माणसाचे दात घासावेत तसं मी ते जुन्या ब्रशनं घासलं. ताई दारातूनच म्हणाल्या, "तुला शिवता येतं ना? मग झालं तर!"

येत होतं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात शिवण केली, आणि मग देश सोडून इथे, मूळच्या पुण्याच्या या कुटुंबाकडे घरकामाला आले. ताईंनी मला खिडकीची खोली दिली, दर रविवारी गावी माझ्या मुलीला फोन करू दिला. बाकीच्या बायकांकडून काय काय ऐकलं होतं! त्यामानानं माझं नशीब थोरच. पण माझं इथलं कामाचं परमिट संपत आलं होतं. ते वाढवायचं की माझ्या जागी दुसरी आणायची, हे ताई ठरवणार होत्या. एजन्सीचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली, बिनसहीचा. दूध काढायला गेले की आधी तो बघायचे. त्याच महिन्यात मी साहेबांचा शर्ट इस्त्रीनं जाळला होता. मुलगी तिकडे नववीत. मी परत गेले असते तर तिचीही शाळा सुटली असती, माझ्यासारखी. म्हणून गणपतीच्या मखरामागचा पडदा मला बिनचूक शिवायचाच होता.

कापड मोतिया साटीन. त्या रंगाचा धागा लिटिल इंडियात मिळाला, पण मोठ्या कोनवर, म्हणजे कारखान्यातल्या शंकूसारख्या रिळावर. कारखान्यात कोन मशीनमागे उभा असायचा. धागा सरळ वर, कडीतून खाली सुईकडे. कोन फिरत नाही, धागा फक्त टोकावरून सुटतो. या मशीनची रीळ अडकवायची खिळी आडवी आणि पेन्सिलीएवढी, कोनचं भोक दोन बोटं जातील एवढं. घातला तर कोन लोळायचा, धागा खिळीलाच गुंडाळायचा, कट्कन तुटायचा. छोट्या रिळांना टोपी लावली, काठावरची खाच उलट्या बाजूला ठेवली, की ती गुमान चालायची. कोन मात्र ऐकेना.

मशीनच्या माथ्यावर जादा खिळीचं एक भोक होतं. त्यात मी इथले लोक जेवायला वापरतात ती लाकडी काडी उभी रोवली, वर हँगरची वाकवलेली तार टेपनं चिकटवली. आता काडी आणि कोन यांच्यामधली पोकळी भरायची होती. ताईंच्या मुलीला शाळेतून आणताना आम्ही हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या टपऱ्यांमधून, जायचो. तिथे एका टेबलावर कुणीतरी बबल टी, तो साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा गोड चहा, पिऊन ग्लास सोडून गेलं होतं. त्यात ती नळी, चांगली अंगठ्याएवढी जाड. बघितली आणि हात गेला. आमच्याकडे चालती वस्तू टाकवत नाही कुणाला. "मावशी, डोन्ट लाह! डर्टी!" पोरगी ओरडली. मी नळी पिशवीत टाकली.

घरी येऊन धुतली. म्हणजे वरून धुतली. चिंधी गुंडाळून काडीवर चढवली, त्यावर कोन. धागा असा सुटायला लागला की बघत राहावं! निम्मा पडदा एका बैठकीत झाला.

दोन दिवसांनी उरलेलं शिवायला बसले. पोरगी शेजारी गृहपाठ करत होती. "ईऽऽ मावशी! अँट्स लाह!"

नळीच्या आत साखरेचा थर तसाच होता, ओला, आंबलेला. त्यातून बारीक मुंग्यांची रांग धाग्यावरून तारेवर, तारेवरून सुईत उतरत होती. मी आणखी वीतभर शिवत गेले होते, न बघता. मोतिया साटीनवर, शिवणीच्या आत, तपकिरी ठिपके. एकीचे पाय अजून हलत होते.

ताई आल्या. "ही नळी कुठली?"

स्वयंपाकघरातली म्हणाले असते तरी चाललं असतं. पण पोरगी तोंडाकडे बघत होती. मी खरं सांगितलं.

"उष्टी?" ताई दोन पावलं मागे सरकल्या. "देवाच्या पडद्याला उष्टी नळी? कुणी काय खाल्लं असेल त्या तोंडानं! तुला किळस नाही वाटली?"

"धुतली होती, ताई."

"काय धुतलीस? मुंग्या बघ!"

किळस! दिवसातून तीनदा या घराची उष्टी मीच काढते. पोरीनं चावून टाकलेलं ऑम्लेट टाकवत नाही म्हणून कितीदा मीच खाल्लंय. तेव्हा कुणी मागे सरकलं नाही. हे सगळं ओठांपर्यंत आलं, आणि फ्रिजवरचा कागद दिसला. गिळलं. ते गिळणं त्या मुंग्यांपेक्षा वाईट लागलं.

"उसव सगळं," ताई म्हणाल्या.

उसवलं. मेलेल्या मुंग्या सुईच्या टोकानं एकेक वेचल्या. कापड हातानं धुतलं, ताईंनी त्यावर देव्हाऱ्यातलं गंगाजल शिंपडलं. मग लेटरबॉक्समधून आलेला जाहिरातीचा जाड कागद स्वतःच्या हातानं घट्ट गुंडाळून मला दिला. "हा घे. कोरा आहे, कुणाच्या तोंडाला लागलेला नाही."

काडीवर चढवताना मी पाहिलं. वरच्या बाजूला लालभडक खेकडा छापलेला होता, रश्श्यात बुडालेला, नांग्या पसरून. ताई माळकरी. घरात अंडं येतं तेसुद्धा फक्त पोरीसाठी, वेगळ्या कढईत. सांगावं का? मी कागद उलगडला, खेकडा आत घालून पुन्हा गुंडाळला आणि कोन बसवला. धागा अडकला नाही, एकदाही नाही.

गणपतीला आलेल्या बायका पडद्याला हात लावून बघत होत्या. "विकतचा का गं?"

"छे! आमच्या हिनं शिवलाय," ताई म्हणाल्या.

पंगत उठली. मी उष्टी काढायला वाकले. वरण, लिंबाच्या फोडी, चावलेली मिरची, सगळं मनगटापर्यंत. ताई मागून हळूच म्हणाल्या, "कागदावर सही केलीय गं. सकाळी बघ."

माझे डोळे भरले. पुसायला हात वर नेला, तर हाताला त्या सगळ्या ताटांचा वास. तसेच वाहू दिले.

दुसऱ्या दिवशी मशीन आवरताना ती गुंडाळी उलगडली. खेकडा तसाच होता. घडी घालून कचऱ्याच्या पिशवीच्या तळाशी टाकला, आणि नळावर जाऊन हात दोनदा धुतले.