मामांचं पागोटं आणि 'खोटा' लाल

परवा रविवारी यवतहून वडगाव रासाईला मामीकडे गेले... रंगांची पेटी घेऊन. मामीचा फोनच आला होता, "तुझ्या मामांचं पागोटं पांढरं पडलंय. लगीन तोंडावर आलंय, येऊन बघ जरा."

मामांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं रंगीत असं एकच चित्र आहे, मी नोकरीला लागले तेव्हा वॉटरकलरमध्ये काढलेलं. नातीच्या लग्नात ते मांडवात ठेवायचं, हे मामीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

बघते तर काय... चेहरा, मिशा, खांद्यावरचं घोंगडं, सगळं जिथल्या तिथे. पण ज्या लाल पागोट्यावरून मामा भर बाजारात लांबून ओळखू यायचे, ते धुवट गुलाबी झालेलं.

"माझंच चुकलं," मामी म्हणाली. "वसरीवर उन्हात लावला फोटू. पर सारा जल्म हे मेंढरांमागं हिंडले, ह्यांना आत कोंडून कसं ठिवायचं?"

आता खरं सांगते... चूक माझी होती. तेव्हा मी हौसेने पुण्याहून अलिझरीन क्रिमसन या लाल रंगाची महागडी ट्यूब आणली होती. दुकानदार बिचारा 'ह्यू' लिहिलेली स्वस्त ट्यूब पुढे करत होता. म्हणजे नाव तेच, दिसायलाही तसाच लाल, पण आतलं रंगद्रव्य दुसरंच. मी पडले ड्रॉइंग टीचर... नाक मुरडून म्हटलं, डुप्लिकेट नको, ओरिजिनल द्या.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की हा ओरिजिनल उन्हात उडतो आणि त्याच्या नावाचा तो ह्यू टिकतो. सगळ्याच रंगांचं असं नसतं, पण या लालाचं आहे. तोवर शाळेतल्या किती पोरांना मी 'ह्यू म्हणजे फसवणूक' शिकवून मोकळी झाले होते, देव जाणे.

हे सगळं मामीला सांगून टाकलं. या वेळी ह्यूच आणला होता, पण ट्यूब उघडायला हात धजेना. मामांच्या डोक्यावर उसन्या नावाचा रंग चढवायचा... मामीला काय वाटेल?

तिने ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "माझं तरी नाव कुठं माझं हाय? लग्नात तुझ्या आजीनं बदललं. टिकले का न्हाई मी उन्हात?"

मी तिच्या हातून ट्यूब घेतली आणि कामाला लागले. एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा. "आजून जरा गडद," असं मामी शेजारी बसून सांगत होती. संध्याकाळपर्यंत मामा पुन्हा बाजारात निघाल्यासारखे दिसायला लागले.

चाळीशी आली माझी. जिच्या हातची भाकरी खाऊन वाढले, तिचं माहेरचं नाव काय, हे मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं. परवा विचारलं. मामी आधी लाजली, मग चुलीकडे बघत हळूच म्हणाली... "गजरा."

चित्र कुणाचं, रंग कुठला, हे मागच्या बाजूला लिहून ठेवायची माझी सवय आहे. या वेळी त्याखाली मामीचं नाव लिहिलं... दोन्ही नावं. तिला वाचता येत नाही. "ह्यातलं माझं कंचं?" एवढंच तिने विचारलं, आणि मी 'गजरा'वर बोट ठेवलं, तिथे ती कितीतरी वेळ हात फिरवत बसली.