पुस्तकात चिकटवलेलं गाणं

मी प्रभूची गाणी लिहिते म्हटलं की बालाघाटात लोक आधी विचारतात, हिंदीत ना? आमच्या चर्चमधली पोरं हिंदीतच हसतात, हिंदीतच भांडतात. मराठी उपासना महिन्यातून एकदा, तीही म्हाताऱ्यांच्या भिडेखातर. मले मात्र देवासंग बोलाचं म्हटलं की मराठीच सुचते, त्याले मी काय करू?

चाळीस वर्षं लिहून माझं एकही गाणं चर्चमध्ये गायल्या गेलं नव्हतं. गाणी पास करणारे आमचे एकच म्हातारे पंच, आणि चर्चच्या गीतांच्या पुस्तकाबाहेरचं गाणं त्यायले चालत नसे. मराच्या आधी एकदा आपलं गाणं सगळ्या मंडळीच्या तोंडून ऐकावं आणि ते माझं आहे हे लोकायले कळावं, एवढीच माझी हाव. गेल्या बड्या दिनाआधी, म्हणजे नाताळाआधी, मी एक गाणं करून नेलं. धान रोवताना बाया चिखलात वाकून गातात, त्या चालीवर बांधलेलं. पंचांनी दोन ओळी वाचून कागद परत केला. जुन्या लोकांच्या लिहिण्यात वजन होतं म्हणे, तुमच्यात नाही.

माझं डोकंच फिरलं. घरी आली, देवाची माफी आधीच मागून घेतली आणि कामाले लागली. आमची पुस्तकं वाळवीनं खाल्लेली. गेलेलं पान हातानं लिहून चिकटवाची आमच्यात रीतच आहे. मीही तेच गाणं पिवळ्या पडलेल्या कागदावर उतरवलं, पंचांनी वाचलेल्या दोन ओळी तेवढ्या शेवटी ढकलल्या, खाली 'रचणारा अज्ञात' लिहिलं आणि पान चर्चच्या पुस्तकात खळीनं चिकटवून दिलं. पंचांनी ते वाचून मान डोलावली आणि मलेच सुनावलं, की पाहा, याले म्हणतात गाणं. मी पदर तोंडाले लावला.

बड्या दिनी मी एकेक ओळ चालीवर धरली आणि माझ्यामागून सगळी मंडळी गायली. हिंदीवाली पोरंही अडखळत का होईना गायली. शेवटचं कडवं झालं की उभं राहून सांगून टाकाचं, हे माझं आहे, असं मी ठरवलंच होतं. पंचांचं तोंड पाहाची मले भलती घाई झालती.

पाहिलं तर ते रडून राह्यलते. त्यायनी मले जवळ बोलावलं.

"बाई, हे माही माय गाये, वारासिवनीच्या बांधीत धान रोवताना," ते म्हणाले. "तिचं तोंडच आठवत नव्हतं मले. आज आठवलं. तुमाले कुठून येते हे?"

लोक आमच्याकडं पाहत होते. सांगाले याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"जुनंच आहे, काकाजी," मी म्हटलं. "आमच्याही घरी गात."

घरी येऊन मीही पोटभर रडली. त्यांच्या मायसाठी नाही, खोटं काहून सांगू? माझ्या नावासाठी रडली.